आपला भाव आपणच सांगणे

सटाण्याच्या बाजार समितीत कांद्याचा भाव शेतकरी सांगत नाही. ट्रॅक्टर रांगेत लागतो, व्यापारी चार कांदे हातात घेऊन बघतात, बोली लावतात आणि क्विंटलचा दर ठरतो. तो नाकारण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे. पण गाडीभाडे अंगावर पडलेले असते आणि लाल कांदा फार दिवस टिकत नाही, त्यामुळे तो हक्क बहुतेकदा नावापुरताच. जुन्या बलुतेदारीतही सुतार-लोहार किंमत सांगत नसत. खळ्यावर वाट्याला येईल ते धान्य नेत. अशा घरातला मुलगा स्वतंत्रपणे सॉफ्टवेअरची कामे घेऊ लागतो आणि गिऱ्हाईक विचारते, ‘किती घ्याल?’ तेव्हा तो अडखळतो आणि संकोचाने कमी आकडा सांगून मोकळा होतो. या संकोचाला आपण विनय म्हणतो. माझ्या मते तो विनय नव्हे. आपल्या कामाचा नेमका दर सांगणे हा सत्याच्या आचरणाचाच भाग आहे.

वेबसाइटचे 10,000 रुपये सांगितले असे धरू. त्यात पैसे भरण्याची सोय जोडणे, मोबाइलवर तपासणे, ‘एवढंच जरा बदला’ म्हणत येणारे फोन आणि पुढची दुरुस्ती यांतले काहीच मोजलेले नसते. तरी तो खर्च कुणीतरी भरतोच. लॅपटॉपचा हप्ता वडिलांच्या डाळिंबातून जातो, जेवण आईच्या कष्टातून येते. गिऱ्हाइकाला वाटते, काम 10,000चेच होते. उरलेली रक्कम ज्यांनी सोसली त्यांना कुणी विचारलेलेही नसते. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त वेतन आधी ठरवण्यावर भर आहे. ते ठरले नसेल तर शेतात राबणाऱ्याला पिकाचा दहावा भाग मिळावा आणि कारागीर, वैद्य यांना तसेच काम करणाऱ्यांइतके किंवा जाणकार ठरवतील तेवढे मिळावे, असे तो सांगतो. न बोललेल्या मोबदल्यातून तंटा उपजतो, हे त्याला पक्के ठाऊक होते.

यावर पहिला आक्षेप असा की विद्या विकू नये. तुकोबांनी कीर्तनाचा मोबदला घेणे निषिद्ध मानले होते. पण ते बंधन हरिकथेला होते. दुकानदाराच्या मालाची नोंद ठेवणारी प्रणाली हा व्यवहार आहे, आणि तुकोबांच्या घरी वाण्याचा व्यवसायच होता. दुसरा आक्षेप गीतेतल्या निष्काम कर्माचा. तिथे सोडायची आहे ती फळाची आसक्ती. कामाला यश येईल का, वाहवा होईल का, ही चिंता. आधी ठरलेली मजुरी हा दोघांमधला करार आहे. तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: नवख्याला पूर्ण दर मागण्याचा अधिकार काय? अधिकार आहे, पण मर्यादेत. शिकण्यात गेलेले तास गिऱ्हाइकाच्या माथी मारू नयेत. म्हणून सुरुवातीला दर तासांवर न लावता कामावर लावावा. किती बदल त्यात धरले आहेत ते लिहावे, निम्मी रक्कम इसार म्हणून घ्यावी आणि जे येत नाही ते येत नाही असे स्पष्ट सांगावे.

मग गरजूला सवलत द्यायचीच नाही का? सटाण्यात हा प्रश्न विचारताना देवमामलेदार यशवंतराव महाराजांचे नाव येणारच. 1870-71 च्या दुष्काळात या मामलेदारांनी सरकारी खजिना भुकेल्यांसाठी रिता केला, आणि तपासणी झाली तेव्हा रक्कम पुरती भरली, अशी श्रद्धा आहे. लोकश्रद्धेलाही कथा दानावर संपवावीशी वाटली नाही. तिने हिशेब जुळवूनच घेतला. दान आणि हिशेब यांचे वैर नाही. गावातल्या शाळेचे काम स्वस्तात करायचे तर कोटेशनमध्ये पूर्ण रक्कम लिहावी आणि सूट खाली वेगळी दाखवावी. मग देणाऱ्याला आपण काय दिले ते कळते, घेणाऱ्याला काय मिळाले ते कळते, आणि त्याच शाळेकडे उद्या काम मागायला जाणाऱ्या दुसऱ्या नवख्याचा भाव पडत नाही.