वाफा कोणाचा?



युरोपातील शहरांत ज्यांच्या घराभोवती जागा नाही अशा कुटुंबांना भाजीपाला लावण्यासाठी जमिनीचे लहान तुकडे खंडाने मिळतात. जर्मनीत अशा तुकड्याला आजही श्रेबर बाग म्हणतात. या नावाची हकीकत मौजेची आहे. डॉ. मोरित्झ श्रेबर हे लाइपझिगचे वैद्य. मुलांनी ताठ बसावे म्हणून त्यांनी पट्ट्यांची साधने काढली होती. बागांशी त्यांचा थेट संबंध नव्हता. १८६१ साली ते वारले. पुढे १८६४ मध्ये हाउशिल्ड नावाच्या मुख्याध्यापकांनी एक संस्था काढून तिला त्यांचे नाव दिले, आणि तिच्या वतीने मुलांसाठी खेळाचे मैदान झाले. काही वर्षांनी गेझेल या शिक्षकांनी मैदानाच्या कडेने मुलांना वाफे आखून दिले. मुले थोडे दिवस रमली, मग कंटाळली, तण माजले. तेव्हा आईबापांनीच कुदळ हाती घेतली. मुलांचे वाफे घरच्यांचे झाले आणि त्यातून कुटुंबांच्या बागा वाढल्या.

शेवट गोड म्हणून ही गोष्ट मी शब्बाथशाळेच्या शिक्षकांना पुष्कळदा सांगितली आहे. पण कुदळ हाती घेताना त्या मुलांना कोणी विचारले असेल का, हे मला पूर्वी सुचले नव्हते. ते सुचले आमच्या परसात.

बेळगावात आमच्या घरामागे दोन खाटा मावतील एवढी जागा आहे. दोन वर्षांमागे दसऱ्यानंतर पाऊस ओसरला तेव्हा थोरलीने मेथी टाकली, धाकट्याने मुळा. धाकटा सहा वर्षांचा. बी रुजले का हे पाहायला तो रोज माती उकरी आणि पुन्हा बुजवी. चार दिवस मी गप्प बसलो. पाचव्या दिवशी पहाटे मुले उठण्यापूर्वी मी वाफा सारखा केला, दोरी धरली आणि चार-चार बोटांवर नवे बी टोकले.

कोंब आले तसे मी त्याला हाक मारली. तो उकिडवा बसून बराच वेळ पाहत राहिला. म्हणाला, "पप्पा, हा माझा नाही. मी गोल पेरलं होतं."

रुसला नाही, रडला नाही. ताईच्या मेथीला पाणी घालीत राहिला, एवढेच. दीड महिन्याने मुळे निघाले तेव्हा कोशिंबीर त्याने आवडीने खाल्ली आणि म्हणाला, "तुमचे मुळे छान झालेत."

आता यात माझे चुकले काय? बी वाया जात होते, मूल हिरमुसले असते. शिवाय मुलांवर सगळे सोपवले की काय होते ते लाइपझिगला दिसलेच. सहा वर्षांच्या पोराला भरलेली झारी उचलत नाही. मदत करणे हा दोष खासच नव्हे. मात्र ती मी पहाटे का केली? त्याला उठवून शेजारी बसवले असते तर पुन्हा गोलच पेरावे लागले असते, आणि ते मला नको होते. शेजारी भिंतीवरून डोकावतात. ओळ सरळ हवी होती. मुलांबरोबर वेळ घालवतो असे मी चारचौघांत सांगत होतो, आणि त्यातला मुख्य तास मी एकट्यानेच घालवला होता. नाताळच्या प्रदर्शनाआधी मुलांच्या चित्रांच्या रेघा आपण शिक्षक गुपचूप ठळक करतो, तेही याच जातीचे असावे.

गव्हातील निदणाचा दाखला येथे मनात येतो. पण त्याचा अर्थ वेगळा आहे. तो आपल्या सोयीने ओढू नये.

यंदा धाकट्याने स्वतःहून बी मागितले. पुन्हा गोलच पेरले आहे. अर्ध्या गोलात काहीच उगवलेले नाही. उरलेली पुडी माझ्या खिशात आहे आणि संध्याकाळी मी मागच्या पायरीवर बसतो. त्याने अजून बोलावलेले नाही.