सत्याचा आवाज कोण पोहोचवणार?

(प्रभूच्या स्वर्गारोहणाचा सण : जागतिक संपर्कमाध्यम दिन)



आज आपण प्रभू येशूच्या स्वर्गारोहणाचा सण साजरा करीत आहोत. आजच्या पहिल्या वाचनात शिष्य आकाशाकडे टक लावून उभे असलेले दिसतात. तेव्हा शुभ्र वस्त्रे परिधान केलेले दोन पुरुष त्यांना भानावर आणतात. आपले साक्षी होऊन पृथ्वीच्या टोकापर्यंत जावे, असे प्रभूने त्यांना नुकतेच सांगितले होते. आता वर पाहत राहण्याची वेळ संपली होती, कामाला लागण्याची वेळ आली होती.

ख्रिस्तसभा १९६७ सालापासून जागतिक संपर्कमाध्यम दिनही पाळत आली आहे. त्यानिमित्ताने आशिया खंडातील ख्रिस्तसभेच्या एका मोठ्या कार्याचे आज आपण स्मरण करू या. ते कार्य म्हणजे 'रेडिओ व्हेरितास आशिया'. व्हेरितास या लॅटिन शब्दाचा अर्थ सत्य.

१९५८ च्या डिसेंबरात मनिला येथे आग्नेय आशियातील बिशप एकत्र आले होते. या भागात ख्रिस्ती माणसे थोडी आणि दूरदूर विखुरलेली. काही देशांत तर मिशनरींना प्रवेशच बंद. जिथे धर्मगुरू पोहोचू शकत नाही तिथे निदान आवाज तरी पोहोचावा, म्हणून त्यांनी रेडिओ केंद्र उभारण्याचे ठरविले. जर्मनीतून मोठे अर्थसाहाय्य मिळाले आणि एप्रिल १९६९ मध्ये केंद्र सुरू झाले. पुढच्याच वर्षी पोप सहावे पॉल यांनी मनिला भेटीत त्याला आशीर्वाद दिला. १९८१ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी याच केंद्रावरून आशियातील सर्व लोकांना संदेश दिला.

हळूहळू भाषा वाढत गेल्या. हिंदी, तामिळ, तेलुगू, बंगाली, उर्दू, सिंहली, बर्मी, व्हिएतनामी. शिवाय करेन, काचिन आणि मोंग या डोंगराळ भागांतील लोकांच्या भाषाही. अनेक कार्यक्रम त्या-त्या देशातील केंद्रांत तयार होत, ध्वनिफिती मनिलाला जात आणि तेथून लघुलहरींवर त्यांचे प्रक्षेपण होई. बांगलादेशात आणि पश्चिम बंगालमध्ये श्रोत्यांनी आपापली मंडळे स्थापन केली. केंद्राकडे पत्रे येत आणि ती लिहिणाऱ्यांत अख्रिस्ती बांधवही पुष्कळ असत. श्रद्धा ऐकण्याने उत्पन्न होते, असे संत पौल रोमकरांना सांगतो. ते या पत्रांतून दिसत होते.

मात्र या आवाजाची खरी परीक्षा फेब्रुवारी १९८६ मध्ये झाली. फिलिपिन्समध्ये मार्कोस यांची हुकूमशाही होती. निवडणुकीत गैरप्रकार झाले होते आणि सैन्यातील एका गटाने बंड पुकारले होते. रक्तपात होणार हे दिसत होते. २२ तारखेच्या रात्री मनिलाचे कार्डिनल हायमे सीन यांनी रेडिओ व्हेरितासवरून लोकांना रस्त्यावर येण्याचे आवाहन केले. माणसे घराबाहेर पडली. कोणी जेवणाचे डबे आणले, कोणी रोझरी, कोणी पवित्र मरीयेची मूर्ती. धर्मभगिनी रणगाड्यांसमोर गुडघे टेकून प्रार्थना करू लागल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे सशस्त्र माणसांनी मालोलोस येथील प्रक्षेपक मोडून टाकला. राखीव प्रक्षेपकावर काही तास काम चालले, मग तोही बंद पडला. निवेदकांनी दुसऱ्या केंद्रावर जाऊन प्रक्षेपण सुरू ठेवले. रस्त्यावर लाखो लोक होते आणि ते घरी परतले नाहीत. २५ तारखेला मार्कोस देश सोडून गेले. त्याच वर्षी रेडिओ व्हेरितासला रामोन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

बंधू-भगिनींनो, प्रक्षेपक फोडता आला, पण ज्यांनी ऐकले होते त्यांना थांबवता आले नाही. ऐकणाऱ्यांनी तोच निरोप पुढे नेला.

काळ बदलला. ३० जून २०१८ रोजी रेडिओ व्हेरितास आशियाचे लघुलहरींवरील प्रक्षेपण बंद झाले आणि कार्य इंटरनेटवर गेले. तरुणांना ते सोयीचे झाले. परंतु ज्या म्हाताऱ्या माणसाजवळ फक्त जुना रेडिओ होता, त्याचे काय? त्याने बटण फिरवले असेल आणि नुसती खरखर ऐकली असेल.

आपल्या धर्मग्रामातही असे घडत नाही का? मिस्साच्या वेळा, मयताची बातमी, उपवासकाळातील प्रवचने, सारे आता मोबाईलच्या ग्रुपवर येते. आपण ते वाचतो, एक अंगठा टाकतो आणि काम झाले असे समजतो. शेजारच्या घरात अंथरुणाला खिळलेल्या आजीकडे मोबाईल नसतो. रोज तिच्याबरोबर रोझरी म्हणणारी मैत्रीण वारल्याचे तिला दफनानंतर कळते. तिला वगळावे असे कोणाच्याही मनात नव्हते. प्रत्येकाला वाटले, दुसऱ्या कोणीतरी सांगितले असेल.

सुवार्तेचा प्रसारही असाच 'दुसऱ्या कोणावर' सोपवून आपण आकाशाकडे पाहत उभे राहतो. धर्मगुरू आहेत, धर्मभगिनी आहेत, माध्यमे आहेत. मग आपण कशाला? बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला असे म्हणता येत नाही.

म्हणून या आठवड्यात एवढे करू या. प्रत्येक कुटुंबाने चर्चला येऊ न शकणारे एक घर निवडावे. तिथे जाऊन आजचे शुभवर्तमान मोठ्याने वाचून दाखवावे, धर्मग्रामाच्या सूचना सांगाव्यात आणि मग थोडा वेळ त्यांचेही ऐकावे. मुलांना बरोबर न्यावे. वाचन मुलांकडून करून घेतले तर फारच उत्तम. हे पत्रक वाचून झाल्यावर त्याच घरी द्यावे.

हे प्रभू येशू, तुझा शब्द आमच्यापर्यंत कोणीतरी आणून पोहोचवला. तो आमच्यापाशीच थांबू देऊ नकोस. आम्हांला ऐकणारे कान, बोलणारी जीभ आणि शेजारच्या दारापर्यंत जाणारे पाय दे. आमेन.