पुस्तक मिटल्यावर

ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, तेव्हा तिचा मुक्काम लोणंदला पडतो. एरवी कांद्याच्या लिलावात गुंतलेलं हे गाव तेव्हा दिंड्यांनी भरून जातं. राहुट्या उभ्या राहतात, चुली पेटतात, संध्याकाळी जागोजागी हरिपाठ सुरू होतो. त्या वेळी म्हणणाऱ्यांचे हात पाहावेत. हातांत टाळ असतात, पुस्तक क्वचितच. शाळेची पायरी न चढलेली सत्तरीची आजीसुद्धा एका अभंगातून दुसऱ्यात सहज जाते. मध्ये अडलीच, तर शेजारणीचा आवाज तिला पुढच्या शब्दावर आणून सोडतो.

आता त्याच गावातला दहावीचा मुलगा पाहा. फेब्रुवारी महिना आहे, परीक्षा तोंडावर आली आहे. विज्ञानाच्या पुस्तकातली निम्मी पानं पिवळ्या नि गुलाबी पेनाने रंगली आहेत. धडा तीनदा वाचून झाला, चौथं वाचन चालू आहे, आणि आता सगळं कसं ओळखीचं वाटतंय. "झाला का रे अभ्यास?" असं आईने विचारलं की तो "झाला" म्हणतो. तो खोटं बोलत नाही, त्याला खरंच तसं वाटत असतं. पेपर हातात पडल्यावर मात्र आकृती कोणत्या पानावर, कोणत्या कोपऱ्यात होती तेवढं आठवतं. उत्तर काही केल्या आठवत नाही.

बाजारात एखादा माणूस समोर येतो, चेहरा पक्का ओळखीचा असतो, आणि नाव मात्र जिभेवर येत नाही. चौथ्या वाचनाने त्या मुलाची धड्याशी एवढीच ओळख झालेली असते. मन ओळखीलाच ज्ञान समजतं, आणि परीक्षा नेमकं नाव विचारते.

अमेरिकेतल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली हे तपासून पाहिलं. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत पुनःपुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत, उतारा समोर नसताना, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना साधारण 40 टक्के मजकूर आठवला, आठवून लिहिणाऱ्यांना 61 टक्के. मला यातली आणखी एक गोष्ट जास्त बोलकी वाटते. आपल्याला पुढे किती आठवेल, असा अंदाज विचारला तेव्हा सर्वांत जास्त भरवसा वाचणाऱ्यांनाच होता. रात्री जागून वाचणाऱ्या मुलाला आळशी म्हणू नये ते याचसाठी. त्याची मेहनत खरीच असते, पण ती अशा जागी जाते जिथे काम झाल्याचा भास फार लवकर होतो.

पुस्तकाविना म्हणणारे वारकरी रोज असंच आठवून म्हणतात. त्यांच्याकडे आणखी एक गोष्ट आहे, अंतराची. हरिपाठ रोजचा. वारांचे अभंग त्या त्या वारी, म्हणजे आठवड्याने परत येतात. एकादशीचे पंधरा दिवसांनी. वाटेवरच्या काही प्रसंगांचे तर वर्षाने. आरफळच्या हैबतबाबांनी या सोहळ्याला शिस्त लावली तेव्हा त्यांच्या मनात स्मरणशक्तीचं शास्त्र नक्कीच नव्हतं. पण थोडं विसरायला वेळ द्यायचा आणि मग पुन्हा आठवायला लावायचं, ही युक्ती त्या क्रमात आपसूक बसली आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि 1885 साली तो छापला. एका दमात घोकण्यापेक्षा दिवसांचं अंतर ठेवून केलेली उजळणी कमी कष्टात टिकते, हे तेव्हापासून माहीत आहे. 2013 मध्ये जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींची झडती घेतली. अधोरेखन आणि पुनर्वाचन तळाशी गेलं; स्वतःची चाचणी आणि अंतराने उजळणी या दोन पद्धती वर राहिल्या. रंगीत पेनांचा खप यामुळे घटला असेल, असं वाटत नाही.

अर्थात अभंगाला चाल असते, ताल असतो, शेजारचा आवाज असतो. 'उष्णता' या धड्याला यातलं काहीच नाही. शिवाय हरिपाठ मुखोद्गत असणं म्हणजे तो कळणं नव्हे, हे वारकरी संप्रदायालाही ठाऊक आहे. म्हणून तर रात्री कीर्तन असतं. एकच अभंग घ्यायचा, तो उलगडायचा, दृष्टान्त द्यायचा, आपल्या शब्दांत पुन्हा मांडायचा. आपल्या शिकवण्यांमध्ये पाठांतर पुष्कळ होतं, कीर्तन तेवढं राहून जातं.

गणितात हे फार ठळक दिसतं. एका सरावसंचात एकाच जातीची वीस उदाहरणं असतात. पहिलं जमलं की उरलेली एकोणीस हात आपोआप सोडवतो, डोक्याला विचारावं लागत नाही. डग रोरर आणि केली टेलर यांनी 2007 मध्ये घनफळाची उदाहरणं काही विद्यार्थ्यांना गटागटाने दिली आणि काहींना सरमिसळ करून. सरावाच्या वेळी गटवाल्यांची 89 टक्के बरोबर आली, सरमिसळवाल्यांची 60. आठवड्याने मात्र गटवाले 20 टक्क्यांवर घसरले आणि दुसरे 63 वर टिकले. कारण परीक्षेत 'हे सूत्र वापर' असं कुणी सांगत नाही. कोणतं सूत्र लावायचं हे ओळखणंच अर्धं गणित आहे, आणि नेमका त्याचाच सराव कुणी केलेला नसतो. जुन्या धड्यातली चार, आजच्यातली चार, मागच्या महिन्यातली दोन अशी उदाहरणं निवडून घ्यायला नवं पुस्तक लागत नाही. चुका जास्त होतात, मुलं कुरकुरतात, पालक वहीवरच्या फुल्या पाहून घाबरतात. तेवढं सोसायची तयारी हवी.

आपल्याकडे चाचणी म्हणजे गुण, गुण म्हणजे क्रमांक, आणि क्रमांक म्हणजे घरात बोलणी, असं समीकरण झालं आहे. त्यामुळे आठवून पाहणं हाही शिकण्याचाच भाग आहे, हे मुलांच्या मनात येत नाही. वर्गात शिरल्यावर कोरा कागद काढायला लावून 'काल काय झालं ते पाच मिनिटांत लिहा, कुणी तपासणार नाही' असं म्हणणारे शिक्षक असतात. त्यांच्या वर्गात हजेरीनंतर थोडी शांतता असते, थोडी चुळबुळ.

घरी यासाठी क्लासची फी भरावी लागत नाही. संध्याकाळी मुलाने पुस्तक मिटून आजीपाशी बसावं आणि आज काय वाचलं ते सांगावं. आजीला धडा माहीत असण्याची गरज नाही, नसलेलाच बरा. दोन वाक्यांनी ती थांबवेल आणि विचारेल, "म्हणजे रे काय?" तिथे तो अडला, तर नेमकं कोणतं पान पुन्हा उघडायचं ते त्याला कळेल.