परसातला अंधार

दुर्बीण घ्यायचं ठरल्यावर मी पहिलं काम केलं ते म्हणजे एक्सेल शीट उघडली. इंजिनिअर माणूस, दुसरं काय करणार? आरशाचा व्यास, फोकल लेंथ, वजन, किंमत असे रकाने आखले आणि शेवटी माझ्या डोक्यातून आलेला एक रकाना टाकला: ‘दर हजार रुपयांमागे किती प्रकाश’. महिनाभर रात्री जेवण झाल्यावर मी त्या शीटमध्ये आकडे भरत होतो. जी गोष्ट तिच्यात कुठेच बसली नाही, तिच्याबद्दल हा लेख आहे.

मी पुण्यात नोकरी करतो. आठवड्यातले तीनच दिवस ऑफिसला जावं लागतं, त्यामुळे बरेचदा सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी असतो. घराला मागे परस आहे. त्यात एक शेवगा, धुण्याचा दगड आणि डोक्यावर बऱ्यापैकी मोकळं आकाश. पुण्यातल्या फ्लॅटच्या गॅलरीतून मोजून पंधरा तारे दिसायचे. इथे कृत्तिका नुसत्या डोळ्यांनी सुट्या सुट्या दिसतात. हे आकाश फुकट पडून आहे, मग आपण ते नीट का बघू नये, अशी सुरुवात झाली.

दुर्बीण म्हणजे लांबचं जवळ आणणारं यंत्र, असं आपल्याला वाटत असतं. खरं तर ती पावसात ठेवलेल्या परातीसारखी असते. परात जितकी मोठी तितकं पाणी जास्त. अंधाराला सरावलेल्या आपल्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. ८ इंची आरसा २०३ मिलिमीटरचा असतो. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे हा आरसा आपल्या डोळ्याच्या सुमारे ८४० पट प्रकाश गोळा करतो. तेवढ्याच व्यासाचं चांगलं भिंग घ्यायला गेलात तर घर गहाण ठेवावं लागेल. भिंगातून प्रकाश आरपार जातो, त्यामुळे काच आतूनही निर्दोष लागते, आणि एकाच भिंगात वेगवेगळे रंग वेगवेगळ्या ठिकाणी एकत्र येतात ते निराळंच. आरशाची एकच बाजू नीट घासावी लागते. न्यूटनने १६६८ साली पहिली परावर्ती दुर्बीण बनवली, तेव्हा रंगांच्या याच कटकटीतून त्याला सुटायचं होतं.

पण मोठा आरसा परवडण्याचं खरं श्रेय न्यूटनपेक्षा जॉन डॉब्सनला जातं. १९१५ साली बीजिंगमध्ये जन्मलेला हा माणूस रसायनशास्त्र शिकून १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात दाखल झाला. मठात राहून त्याने जहाजाच्या खिडक्यांच्या जुन्या जाड काचा घासून आरसे बनवायला सुरुवात केली. नळी पुठ्ठ्याची आणि बैठक प्लायवूडची. ती तोफेसारखी, वर-खाली आणि डावी-उजवीकडे हाताने ढकलायची. मोटर नाही, तिपाई नाही. रात्री मठाबाहेर पडून तो शेजारपाजारच्या लोकांना आकाश दाखवायचा. या गैरहजेरीवरून शेवटी १९६७ मध्ये त्याला मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी त्याने सोबत्यांना घेऊन फुटपाथवर दुर्बिणी लावणाऱ्यांचा गट उभा केला. आपल्या रचनेचं पेटंट त्याने घेतलं नाही. आज दुकानात ‘डॉब’ म्हणून मिळणारी प्रत्येक दुर्बीण त्याच रचनेवर उभी आहे.

तर घ्यायची डॉबच, हे नक्की होतं. प्रश्न होता, केवढी?

हौशी खगोलमंडळींत एक आजार आहे, व्यासाचा ताप. ६ इंची बघायला जावं तर वाटतं, थोडेच पैसे घालून ८ येते. ८ वर बोट ठेवलं की १० दिसते. ८ पेक्षा १० इंचात दीडपटीहून जास्त प्रकाश येतो आणि १२ इंचात सव्वादोनपट. मलाही हा ताप चढला. आईने एकदा विचारलं, “एवढी मोठी कशाला रे?” माझं उत्तर तयार होतं, आणि त्या वेळी मला ते फार भारी वाटलं होतं.

मी म्हणालो, जगातली प्रत्येक हाव कुणाच्या तरी वाट्याचं ओढून घेते. मी जास्त जमीन घेतली की कुणाची तरी कमी होते, माझ्या बोअरला जास्त पाणी लागलं की शेजारची विहीर आटते. बघण्याची हाव मात्र निष्पाप आहे. देवयानी दीर्घिकेतून पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश माझ्या आरशावर पडला नसता तर शेवग्याच्या पानांवर पडून वाया गेला असता. मी कुणाचं काहीच घेत नाही. मग हवी तेवढी हाव करावी माणसाने.

आई म्हणाली, “बरं.” पटलं नाही की ती असंच म्हणते.

विकत घेण्याआधी पुण्यातल्या एका मित्राची ६ इंची डॉब मी महिन्यासाठी आणली. डिसेंबर होता. आकाश स्वच्छ, देवयानी दीर्घिका डोक्यावर. पाहिलं, आणि हिरमोड झाला. मधला धुरकट ठिपका, बस्स. तिच्या शेजारच्या दोन छोट्या दीर्घिकांपैकी एम ३२ दिसली, एम ११० चा पत्ताच नव्हता. मी लगेच शीटमध्ये नोंद केली: ६ इंच अपुरी, किमान १० हवी.

कारण वेगळंच होतं आणि ते समोर लखलखत होतं. आमच्या परसाच्या कडेने एक पाणंद जाते. तिच्या डांबावर दोन वर्षांपूर्वी एलईडी दिवा लागला. तो आडवा नाही, तिरका बसवलेला आहे. त्यामुळे निम्मा उजेड पाणंदीत, निम्मा आमच्या परसात आणि थोडा थेट माझ्या डोळ्यांत. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, तो सराव एका नजरेत जातो. आणि दीर्घिकेसारखी पसरट वस्तू कुठल्याही दुर्बिणीतून मोठी दिसते, पण तिच्या पृष्ठभागाची उजळता नुसत्या डोळ्याला दिसते त्याहून वाढत नाही. ती दिसते ती मागच्या आकाशाच्या काळेपणामुळे. तो काळेपणा पैसे टाकून मिळत नाही. १२ इंची आरसा दीर्घिकेचा प्रकाश जास्त गोळा करेल, तसा उजळलेल्या आकाशाचाही करेल.

डांबाला खाली स्विचचा डबा आहे. संध्याकाळी ज्याच्या आधी लक्षात येईल तो दिवा लावतो. एका रात्री साडेनऊच्या सुमाराला मी गेलो आणि तो बंद केला. प्रयोग म्हणून, अर्ध्या तासासाठी.

तो अर्धा तास मी विसरणार नाही. वीस मिनिटांनी नेत्रिकेला डोळा लावला तेव्हा ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना प्रकाश लांबवर पसरत गेलेला दिसला, अख्ख्या दृश्याच्या बाहेर. आणि नजर जरा तिरकी केल्यावर बाजूला, फुंकर मारली तर विरेल अशी, एम ११०. तीच दुर्बीण, तोच माणूस. मला ओरडावंसं वाटलं.

ओरडण्याचा आवाज आला, पण पाणंदीतून. शेजारच्या काकू हायवेवरच्या एका खानावळीत पोळ्या करतात. दहाच्या आसपास त्या चालत घरी येतात. अंधारात त्यांचा पाय गटाराच्या फुटक्या फरशीवरून गेला आणि त्या हातावर पडल्या. मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर सहा आठवड्यांचं. पोळ्या लाटणाऱ्या बाईचा उजवा हात.

दवाखान्यात त्यांना मीच गाडीवरून नेलं. वाटेत त्या म्हणत होत्या, “आजच कसा गेला बाई दिवा.” मी काही बोललो नाही. पुढचे आठ दिवस काही बोललो नाही. आई त्यांच्याकडे डबा देत होती, सगळे माझं कौतुक करत होते, की पोरगा धावून गेला. मला रात्री झोप लागत नव्हती आणि दुर्बीण परसात झाकून ठेवली होती.

त्या आठ दिवसांत मी स्वतःच्या बाजूने जे युक्तिवाद केले, ते इथे लिहितो, कारण ते करताना माझी मला ओळख पटली. पहिला: फरशी फुटकी होती, दोष तिचा. खरं आहे, पण ती फुटकी होती हे मला माहीत होतं. दुसरा: रात्री एवढा उजेड मुळात चूकच, त्याने किडे मरतात, काजवे कमी होतात. हेही खरं आहे. पण स्विच दाबताना माझ्या मनात काजवे नव्हते, देवयानी होती. आपल्या सोयीसाठी केलेल्या गोष्टीला मागाहून काजव्यांचा आधार शोधणं ही फसवणूक आहे, आणि अशी फसवणूक शिकलेल्या माणसाला फार सफाईने जमते. तिसरा: डॉब्सनही रात्री मठाची शिस्त मोडून बाहेर पडत होता. पण त्याने पणाला लावला तो स्वतःचा मठ, मी पणाला लावला काकूंचा हात. आणि तो बाहेर पडत होता दुसऱ्यांना दाखवायला. माझ्या परसात मी एकटाच होतो.

आईला दिलेलं माझं उत्तर कुठे फसलं होतं, ते तेव्हा कळलं. ताऱ्यांचा प्रकाश कुणाच्या वाट्याचा नाही, इथवर बरोबर होतं. पण तो दिसायला अंधार लागतो, आणि अंधार माझ्या एकट्याचा नाही. तो पाणंदीसारखा सामाईक आहे. माझ्यासाठी अंधार म्हणजे काहीतरी दिसणं होतं, काकूंसाठी तोच अंधार म्हणजे काहीच न दिसणं. बघण्याची हावही कुणाचं तरी घेतेच. फक्त ज्याचं जातं तो नेत्रिकेत दिसत नाही.

सामाईक गोष्टींबद्दल एक प्रसिद्ध मांडणी गॅरेट हार्डिनने १९६८ मध्ये केली: गायरान सगळ्यांचं असलं की जो तो आपली गुरं वाढवतो आणि गायरान उजाड होतं. एलिनॉर ऑस्ट्रॉमने जगभरची कुरणं, पाटाचं पाणी, मासेमारी अभ्यासली आणि दाखवलं की असं व्हायलाच हवं असं नाही. माणसं एकमेकांशी बोलून नियम करतात आणि पिढ्यानपिढ्या पाळतात. २००९ मध्ये तिला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मी दोन्ही वाचलं होतं. तरी वीस पावलांवर राहणाऱ्या काकूंना एक वाक्य विचारलं नव्हतं. ऑफिसात कुणालाही न सांगता प्रॉडक्शनवर बदल टाकणाऱ्याला आम्ही काय काय म्हणतो, ते आठवलं.

नवव्या दिवशी जाऊन सांगितलं. काकू बराच वेळ गप्प होत्या. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. मग म्हणाल्या, “सांगितलं असतंस तर मी बॅटरी घेऊन आले असते.”

मला वाटतं, नीतीचा मला कळलेला सगळा भाग त्या वाक्यात आहे. कुणाचा हक्क मोठा, हौस मोठी की सुरक्षितता, हा वाद मी मनातल्या मनात आठ दिवस घालत होतो. त्यांच्या दृष्टीने तो वाद एवढा अवघड नव्हताच. अवघड होतं ते त्यांना न मोजणं. मोडलेल्या महिन्या-दीड महिन्याची मजुरी मी दिली. त्यांनी आधी नाही म्हटलं, मग घेतली. त्याने हिशेब मिटला असं मी म्हणणार नाही. थंडीत अजून ते मनगट दुखतं.

दिव्याचं पुढे असं झालं. ग्रामपंचायतीला विचारून, वायरमनला बोलावून दिवा सरळ खाली वळवून घेतला आणि तेलाच्या डब्याच्या पत्र्याची टोपी त्याच्या आमच्याकडच्या बाजूला बसवली. उजेड जिथे चालायचं तिथे पडतो. फरशीही बदलली. मी हळूच विचारलं, महिन्यातून एक दिवस, अमावास्येला, तासभर बंद ठेवला तर? काकू म्हणाल्या, “नको.” मी बरं म्हटलं. विचारणं म्हणजे नकार ऐकायची तयारी ठेवणं, नाहीतर ते नुसतं कळवणं झालं.

शेवटी मी ८ इंची घेतली. तुम्ही घेणार असाल तर माझा हिशेब सांगतो. ती सगळी मिळून वीसेक किलो भरते, नळी आणि बैठक वेगळी होते, त्यामुळे एकटा माणूस दोन खेपांत ती परसात आणू शकतो. १२ इंची ३५ किलोच्या पुढे जाते, आणि जड दुर्बीण दिवाणखान्यातच राहते. वाचलेल्या पैशांत एक बरी नेत्रिका घ्या आणि आरसे जुळवायला शिका. लाल बॅटरी ठेवा. आणि घेण्याआधी एक रात्र नुसते परसात उभे राहा. कुठला दिवा कुठून येतो ते बघा, आणि तो कुणाला लागतो ते त्यांच्याकडे जाऊन विचारा.

प्लास्टर निघाल्यावर काकू एकदा येऊन बघून गेल्या. गुरू लावला होता, शेजारी त्याचे चार चंद्र ओळीत. त्यांनी मिनिटभर पाहिलं आणि म्हणाल्या, “बारीक आहे रे फार.” मग पुन्हा वाकून पाहिलं.

एम ११० मला आता कधी दिसते, कधी नाही. दिव्याचा थोडा उजेड अजून येतोच. दहाच्या सुमाराला पाणंदीतून चपलांचा आवाज येतो, मी नेत्रिकेवरून डोळा काढतो, आणि त्यांच्या घराची कडी वाजली की परत लावतो.