न दिसणाऱ्या वेदनेची साक्ष

अर्धे शीर दुखते म्हणून अर्धशिशी. मराठीने या दुखण्याचे बारसे फार पूर्वीच करून ठेवले आहे. ग्रीक वैद्य गॅलेन याने वापरलेल्या शब्दाचा अर्थही 'अर्धी कवटी' असाच होता. तोच झिजत झिजत पुढे 'मायग्रेन' झाला. सुश्रुतसंहितेत शिरोरोगांचे अकरा प्रकार सांगितले आहेत. त्यांत अर्धावभेदक आहे, आणि सूर्याबरोबर चढणारा व सूर्याबरोबर उतरणारा सूर्यावर्तही आहे. म्हणजे 'डोके दुखते' एवढ्यावर न थांबता, कोणत्या बाजूस दुखते, केव्हा चढते, केव्हा उतरते, हे विचारण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. तरीही आमच्या शिरोळ परिसरात या दुखण्याच्या वाट्याला पुष्कळदा वेगळेच नाव येते. ते नाव म्हणजे 'नाटक'. सून स्वयंपाकघर सोडून अंधाऱ्या खोलीत जाऊन पडली, की ते नाव उंबरठ्यावर तयारच असते.

दुसऱ्याचे दुखणे खरे आहे हे आपण कशावरून ठरवतो? हाड मोडले तर क्ष-किरणांचे छायाचित्र असते, ताप आला तर पारा चढतो. संत थोमाला बोट लावून पाहण्यासाठी निदान जखमा तरी होत्या. अर्धशिशीजवळ असा एकही साक्षीदार नसतो. रक्त तपासा, मिरजेला नेऊन डोक्याचे स्कॅनिंग करा, बहुधा सारे ठीकच निघते. वास्तविक ते स्कॅनिंग गाठ, रक्तस्राव असे दुसरे काही नाही ना, हे पाहण्यासाठी असते. त्यात अर्धशिशी दिसावी अशी अपेक्षाच नसते. परंतु घरी 'रिपोर्ट नॉर्मल आला' हे वाक्य त्या बाईविरुद्धच्या निकालपत्रासारखे वाचले जाते. 'बाई' असे आम्ही जाणून म्हटले, कारण हे दुखणे पुरुषांच्या मानाने स्त्रियांत दोन ते तीन पट अधिक आढळते. शेजारच्या कर्नाटकातील एक पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत वर्षभराच्या काळात मायग्रेनचा त्रास झालेल्या प्रौढांचे प्रमाण सुमारे २५ टक्के, म्हणजे चारांत एक, असे दिसले. आमच्या तालुक्याची शीव त्याच राज्याला लागलेली आहे. रविवारी मिस्सेला एका बाकावर चार जण बसले, तर त्यांतले एक कोण, हे आपल्याला ठाऊक असते काय?

आता वैद्यक या दुखण्याचे प्रकार कसे ओळखते ते पाहू. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेने १९८८ मध्ये डोकेदुखीचे पहिले व्यवस्थित वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्याची तिसरी आवृत्ती २०१८ मधली आहे. साध्या मायग्रेनसाठी तिच्यात अशा अटी आहेत: निदान पाच वेळा झटका यावा, औषध न घेतल्यास तो चार तासांपासून बहात्तर तासांपर्यंत टिकावा, दुखणे एका बाजूचे, ठणकणारे, मध्यम वा तीव्र आणि चालण्या-चढण्याने वाढणारे असावे, या चारांपैकी दोन तरी गोष्टी असाव्यात, आणि जोडीला मळमळ किंवा उलटी असावी, नाही तर प्रकाश व आवाज दोन्ही असह्य व्हावेत. दुखण्यापूर्वी डोळ्यांपुढे नागमोडी चकाकत्या रेषा सरकू लागल्या, हाताला मुंग्या आल्या किंवा शब्द सापडेनासे झाले आणि हा प्रकार पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकून ओसरला, तर तो 'ऑरा' असलेला मायग्रेन. क्वचित एका अंगाची शक्तीच काही काळ जाते, तो निराळा प्रकार. महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस डोके दुखत असेल, त्यांपैकी आठ दिवस तरी मायग्रेनचे असतील आणि हे तीन महिन्यांहून अधिक काळ चालले असेल, तर तो जुनाट मायग्रेन. मासिक पाळीबरोबर येणारा आणि चक्कर हेच मुख्य लक्षण असणारा, असे आणखी दोन प्रकार अधिक अभ्यास हवा म्हणून परिशिष्टात ठेवले आहेत.

वाचकांनी ही यादी पुन्हा एकदा डोळ्यांखालून घालावी. तिच्यातली जवळजवळ प्रत्येक अट दुखणाऱ्याने सांगितल्याखेरीज दुसऱ्या कोणाला कळण्यासारखी नाही. ठणका की दाब, उजेड सोसतो की नाही, रेषा आधी दिसल्या की नंतर, हे कोणत्या यंत्राने मोजायचे? बाहेरून कोरडे, थंड भासणारे हे शास्त्र मुळात ऐकून घेण्याच्या कृतीवर उभे आहे. प्रकार ठरवायचा तर आधी त्या माणसाचा शब्द खरा मानावा लागतो. उलट, 'नाटक' म्हणणाऱ्याला काहीही ऐकण्याची गरज नसते.

आणि हा शब्द किती खरा ठरू शकतो! कार्ल लॅश्ली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला ऑराचा त्रास होता. आपल्या डोळ्यांपुढे पसरत जाणारा आंधळा डाग तो कागदावर उतरवून काढी. त्यावरून १९४१ मध्ये त्याने हिशेब मांडला, की मेंदूच्या पृष्ठभागावरून मिनिटाला सुमारे तीन मिलिमीटर या गतीने काहीतरी सरकत असले पाहिजे. तीन वर्षांनी ब्राझीलच्या अरिस्टिडीस लेआँव याला सशाच्या मेंदूवर तशाच संथ गतीने पसरणारी एक लाट आढळली. दुखणाऱ्याची साक्ष आधी आणि उपकरण मागून. अर्थात लॅश्ली प्राध्यापक होता. उसाच्या फडात दुपारी मोळी टाकून खाली बसलेल्या बाईने 'डोळ्यांपुढं काचा हलतात' असे सांगितले, तर तिची गती कोण मोजतो? गळीत हंगामात साखर कारखान्याच्या मळीचा दर्प आला की पोटात ढवळून डोके उठते, अशी तक्रार कोणी केली तर तिला 'नाजूक' म्हणून हसण्यावारी नेतात. वासाने उसळणे हे मायग्रेनच्या परिचित लक्षणांपैकी एक आहे.

मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ मध्ये ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. डोक्यावरून न्हाल्यानंतर मायग्रेनचा झटका येतो, असे सांगणारे हे रुग्ण होते. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांच्या यादीत हे कारण नव्हते. आपल्याकडच्या बायका मात्र ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या आणि 'ओल्या केसांनी हिंडू नकोस' यापलीकडे त्यांना उत्तर मिळाले नाही. डॉक्टरांनी त्यांचे गट पाडले: ज्यांना केवळ न्हाण्यानेच त्रास होतो ते, ज्यांना न्हाण्याबरोबर इतरही कारणे पुरतात ते, आणि न्हाण्याला दुसऱ्या कारणाची जोड मिळाली तरच ज्यांचे डोके उठते ते. गट निराळा तसा उपायही निराळा. एखादीला न्हाण्यापूर्वी घेतलेली गोळी पुरेल, दुसरीला रोजच्या प्रतिबंधक औषधाची गरज पडेल.

प्रकार ओळखणे हा पंडिती खेळ नव्हे, हे आणखी दोन उदाहरणांवरून दिसेल. ऑरा असलेल्या स्त्रीने इस्ट्रोजेनयुक्त संप्रेरकांच्या गोळ्या, मग त्या पाळी नियमित करण्यासाठी का असेनात, घेतल्या तर पक्षाघाताचा धोका वाढतो. म्हणून अशा गोळ्या लिहून देण्यापूर्वी 'डोळ्यांपुढे काही दिसते का' हा साधा प्रश्न विचारला गेला पाहिजे. दुसरे असे, की दुकानातून आणलेली साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून पंधरा दिवस, आणि मिश्र गोळी दहा दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेत राहिल्यास ती गोळीच डोकेदुखीचे कारण होऊन बसते. (आयुष्यात कधी नव्हे असे डोके क्षणात फुटल्यासारखे झाले, तापाबरोबर मान ताठली, एखादे अंग लुळे पडले किंवा पन्नाशीनंतर प्रथमच हे दुखणे सुरू झाले, तर प्रकारांचा विचार करीत न बसता इस्पितळ गाठावे.)

चुकीच्या वर्गीकरणाचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या पवित्र ग्रंथातच आहे. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसून राहिले. तोवर ते खरे मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडले आणि त्याच्या दुःखाला एका तयार कप्प्यात घातले: पापाची शिक्षा. ईयोब जे परोपरीने सांगत होता, ते त्या कप्प्यात बसत नव्हते, म्हणून त्यांनी ते ऐकलेच नाही. शेवटी परमेश्वराचा कोप झाला तो त्या मित्रांवर. आता संत मार्कच्या शुभवर्तमानातील बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री आठवावी. अनेक वैद्यांच्या हाती तिने पुष्कळ सोसले होते, होते नव्हते ते खर्चून बसली होती. वस्त्राला स्पर्श करताच ती बरी झाली. काम तर झाले होते. याईराची मुलगी तिकडे मरणाच्या दारी होती, वेळ अगदी थोडा होता. तरीही प्रभू थांबला, तिला शोधले आणि तिने आपली सारी हकीकत सांगेपर्यंत पुढे गेला नाही. बरे करणे आणि ऐकून घेणे या प्रभूच्या दृष्टीने दोन गोष्टी होत्या, आणि दुसरीसाठीही त्याने गर्दी खोळंबून ठेवली.

आपल्या भाविक घरांत आणखी एक वाक्य सहज उच्चारले जाते: 'प्रभूला अर्पण कर.' पोप जॉन पॉल दुसरे यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी मानवी वेदनेच्या ख्रिस्ती अर्थावर एक प्रेषितीय पत्र लिहिले. वेदना ख्रिस्ताच्या दुःखसहनाशी जोडता येते, हे त्यात आहेच. पण त्याच पत्राचा एक भाग चांगल्या शोमरोनीविषयी आहे, जो जखमी माणसाजवळ थांबला. आमच्या मते अर्पण हा दुखणाऱ्याच्या तोंडचा शब्द आहे. दाराशी उभ्या असलेल्या निरोगी माणसाने तो उच्चारला, की पुष्कळदा त्याचा अर्थ 'आता गप्प राहा' एवढाच उरतो.

वर्गीकरणालाही मर्यादा आहेतच. निसर्गात या रेषा खरोखर आखलेल्या आहेत, की त्या आपण आखतो? ऑस्ट्रेलियातील जुळ्यांच्या माहितीवर आधारलेल्या २००४ मधील एका विश्लेषणात, ऑरा असलेला आणि नसलेला मायग्रेन हे दोन अगदी स्वतंत्र रोग आहेत, या कल्पनेला पाठिंबा मिळाला नाही. एकाच व्यक्तीला दोन्ही प्रकार होतात, हे तर डॉक्टर रोज पाहतात. कप्पे उपयोगाचे आहेत, पण माणूस कप्प्याच्या बाहेर उरतो.

बिंगेनची संत हिल्डेगार्ड (१०९८-११७९) हिच्या बाबतीत हे विशेष जाणवते. बालपणापासून आजारी असलेल्या या धर्मभगिनीने आपल्याला दिसणाऱ्या तेजाची वर्णने लिहून ठेवली. विसाव्या शतकात वैद्यक-इतिहासकार चार्ल्स सिंगर यांनी, आणि पुढे ऑलिव्हर सॅक्स यांनी, त्या झगमगत्या ठिपक्यांत व तटबंदीसारख्या आकृत्यांत मायग्रेनचा ऑरा पाहिला. आठशे वर्षांच्या अंतरावरून केलेले निदान हा तर्कच राहणार. पण तो खरा मानला, तरी काय बिघडले? कोट्यवधी लोकांना तशा रेषा दिसल्या. त्यांतून असे ग्रंथ आणि अशी गीते एकीनेच उभी केली. हे निदान प्रसिद्ध होऊन कित्येक दशके लोटल्यावर, ७ ऑक्टोबर २०१२ रोजी, पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी तिला ख्रिस्तसभेची आचार्य म्हणून घोषित केले. प्रकाश कोठून आला, हा एक प्रश्न. त्या प्रकाशात तिने काय पाहिले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळाल्याने दुसरा पुसला जात नाही.

डॉक्टर रुग्णाला डोकेदुखीची रोजनिशी ठेवायला सांगतात. आमच्याकडच्या किती बायका वही घेऊन बसतील? पण भिंतीवर कॅलेंडर असते, आणि दुधाचा हिशेब त्यातल्या चौकोनांतच मांडलेला असतो. त्याच चौकोनात दुखलेल्या दिवशी एक खूण करावी. किती वाजता सुरू झाले, किती वेळ टिकले, आधी डोळ्यांपुढे काही दिसले का, उलटी झाली का, पाळीचा कितवा दिवस, न्हाणे झाले होते का, गोळी कोणती घेतली, हे दोन-दोन अक्षरांत टिपावे. ज्या दिवशी तिला उजेडाकडे पाहवत नसेल, त्या दिवशी घरातल्या दुसऱ्या कोणीतरी दाराशी हलक्या आवाजात विचारून ते लिहावे.