मजबुरीचा दाखला

मुलीने नाटक-सिनेमात काम करावे का, हा विषय आपल्या घरांत निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते: “मजबुरी असती तर गोष्ट वेगळी होती.” वाक्य उदार वाटते. त्याचा अर्थ मात्र असा की, पोटासाठी केलेला अभिनय माफ आणि आवडीने केलेला अभिनय गुन्हा. हा न्याय कितपत टिकतो, हे मालाडच्या बॉम्बे टॉकीजच्या इतिहासावरून तपासून पाहता येईल.

हिमांशू राय आणि देविका राणी यांनी १९३४ साली ही संस्था काढली. १९३५च्या ‘जवानी की हवा’साठी खुर्शीद आणि माणेक होमजी या पारशी बहिणी आल्या, तेव्हा त्यांच्या समाजातून विरोध झाला. खुर्शीद ‘सरस्वती देवी’ या नावाने संगीत देऊ लागल्या, माणेक ‘चंद्रप्रभा’ झाल्या. म्हणजे इभ्रतीची ही धास्ती एकट्या आपल्याच समाजाची नव्हे.

याच स्टुडिओत लीला चिटणीस आल्या. धारवाडच्या सुशिक्षित ब्राह्मण घरातल्या, स्वतः पदवीधर. लग्न मोडले, मुलांची जबाबदारी अंगावर आली. आधी शाळेत शिकवले, मग ‘नाट्यमन्वंतर’च्या रंगभूमीवरून त्या पडद्यावर गेल्या. ‘कंगन’ (१९३९), ‘बंधन’ (१९४०) आणि ‘झूला’ (१९४१) या चित्रपटांत अशोककुमारांबरोबर त्यांचे नाव देशभर झाले. पुढे त्या पडद्यावरची आई झाल्या. ‘शहीद’ (१९४८) आणि ‘गंगा जमुना’त (१९६१) दिलीपकुमारांची, ‘आवारा’त (१९५१) राज कपूरची, ‘गाइड’मध्ये (१९६५) देव आनंदची. त्या सोशिक आईसाठी लोक थिएटरात रडले. पण हे काम करून स्वतःची मुले वाढवणाऱ्या खऱ्या आईला ‘सिनेमातली बाई’ म्हणताना लोकांची जीभ अडखळली नाही.

१९४२ साली याच संस्थेच्या ‘बसंत’मध्ये नऊ वर्षांची मुमताज जहाँ दिसली. हीच पुढची मधुबाला. वडील अताउल्ला खान, मोठे कुटुंब आणि घर चालते ते या मुलीच्या कमाईवर. १९४९चा ‘महल’ही बॉम्बे टॉकीजचाच. १९६९ साली, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी ती गेली. मजबुरीचा दाखला हवा असेल, तर याहून पक्का कुठला? पण त्याचा अर्थही पाहावा. मुलीच्या खेळण्याच्या वयातल्या कमाईवर घर चालले, तर ते आपल्याला समजते. तीच मुलगी वीस वर्षांची होऊन स्वतःच्या मर्जीने रंगमंचावर उभी राहिली, तर घराण्याची अब्रू जाते. मग आपला आक्षेप अभिनयाला आहे की तिच्या मर्जीला?

लीलाबाईंनाही नुसत्या मजबुरीच्या चौकटीत बसवता येत नाही. चूल पेटवण्यापुरतेच काम करायचे असते, तर त्यांनी १९५५ साली ‘आज की बात’ कशाला दिग्दर्शित केला असता? ‘चंदेरी दुनियेत’ हे आत्मचरित्र कशाला लिहिले असते? गरजेने दार उघडले असेल. आत त्या टिकल्या त्या कलेच्या ओढीने. माणसात या दोन गोष्टी एकत्र नांदतात. सुतार पोटासाठी रंधा मारतो आणि चौकट नीट बसली की खूशही होतो. ती खुशी त्याची कमाई नापाक करत नाही. मग अभिनेत्रीचीच का करावी?

आई-बापांची भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. या धंद्यात बायकांची पिळवणूक झाली आहे, होते आहे. पण पिळवणुकीची शरम पिळणाऱ्याची असते. त्यावर उपाय म्हणजे लेखी करार, ठरलेल्या वेळा, सुरक्षित जागा आणि पाठीशी उभे राहणारे घर. घरानेच दार लावून घेतले, तर मुलीला एकटी गाठणाऱ्याचे काम सोपे होते.

मजबुरीची अट घालणारा समाज बाईला नकळत एकच गोष्ट शिकवतो: आधी दुःखी हो, मग आम्ही तुला इज्जत देऊ. पडद्यावरच्या आईला आपण हेच सांगत आलो. घरातल्या मुलीला तरी हे सांगू नये. ती जे करते ते काम इमानाचे आहे का, तिला त्याचा पुरता मोबदला मिळतो का आणि ते तिने स्वतः निवडले आहे का, एवढे विचारावे. तिन्हींचे उत्तर ‘होय’ असेल, तर तिच्याकडे मजबुरीचा दाखला मागण्याचा हक्क कोणालाही उरत नाही.