एकदाच वाचून कसे भागेल?

सप्ताहाच्या मांडवात सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण सुरू होते तेव्हा पोथी उघडून बसलेल्या सगळ्यांनाच प्रत्येक ओवी कळत असते असे नाही. सुमारे नऊ हजार ओव्या, शके १२१२ मधली भाषा. खुद्द एकनाथांना १५८४ साली तिचे बिघडलेले पाठ शुद्ध करावे लागले होते. तरीही गावोगाव दरवर्षी माणसे त्याच पोथीपुढे बसतात. बाराव्या अध्यायात अडीचशेच्याही आत ओव्या आहेत, अठराव्यात अठराशेवर. कुणाला बारावा अधिक जवळचा वाटतो, कुणी अठराव्यात हरवून जातो. ‘झाली का वाचून?’ असे मात्र तिथे कुणी विचारत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्या ओवीपासून सुरुवात होते.

मराठीतला एक अत्यंत कठीण ग्रंथ असा पुन्हा पुन्हा वाचूनच घराघरांत रुजला. कादंबरीच्या वाचकाने मात्र ही सवय अर्धीच उचलली. आवडत्या कादंबऱ्या तो मनसोक्त परत वाचतो. ‘स्वामी’, ‘मृत्युंजय’ यांच्या प्रती हाताळून खिळखिळ्या होतात. अवघड म्हणून नाव झालेली कादंबरी मात्र त्याला एका दमात, एकदाच आणि शेवटपर्यंत वाचायची असते. ते जमले नाही की तो स्वतःला कमी लेखतो आणि पुन्हा जुन्या आवडीकडे वळतो, तेही काहीसे शरमून.

ही शरम अनाठायी आहे. आजारपणात, दुःखात, नोकरीच्या दगदगीत ओळखीचे पुस्तक हाती घेणे ही माणसाची खरी गरज आहे, आणि तिला पळवाट म्हणणारी समीक्षा वाचकावर अन्याय करते. शिवाय परत वाचलेले पुस्तक तेच राहत नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) शाळकरी वयात तरुण मास्तराची गोष्ट वाटते: धनगरांची वस्ती, शाळा, मोठ्या हौसेने बांधलेली तालीम. चाळिशीत तीच कादंबरी वाचताना शेवटचा दुष्काळ आधीच ठाऊक असतो. मग तालमीच्या भिंती चढतानाचा प्रत्येक आनंद काळजाला लागतो, कारण हे गाव उठणार आहे. माडगूळकरांचे लेखन किती काटकसरीचे आहे हेही तेव्हा कुठे दिसते. जिला आपण सोपी समजत होतो ती कादंबरी पहिल्या वाचनात पुरती कळलीच नव्हती.

पुस्तकाचा धाक त्याच्या पानांच्या संख्येमुळे असतो, हेही पूर्ण खरे नाही. श्री. ना. पेंडश्यांची ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) दोन जाड खंडांची आहे. तरी वाचक जगबुडी नदीकाठच्या त्या खोतांकडे घरच्यासारखे परत जातात. उलट विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) लहानशी आहे. जर्मनीतून परागंदा झालेल्या ज्यूंना घेऊन पूर्वेकडे निघालेली बोट, तिच्यावरचे चक्रधर आणि हॅर्टा. एवढ्याशा पुस्तकाने आजही वाचक बिचकतो, कारण ते दिलासा देत नाही.

‘कोसला’ची वाटचाल या दृष्टीने फार बोलकी आहे. १९६३ साली आलेल्या या कादंबरीला रूढ अर्थाने कथानक नाही. पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला शिकायला येतो आणि हात हलवत गावी परततो. भालचंद्र नेमाड्यांची ती भाषा पहिल्यांदा अनेकांना तुटक, विक्षिप्त वाटली. आज तीच कादंबरी कितीतरी वाचकांची आवडती आहे. वसतिगृहात राहणारी मुले ती उद्योगांसाठी, खोड्यांसाठी वाचतात. पुढे कधीतरी पांडुरंगाच्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूची पाने त्यांना थांबवतात. मग बापाशी असलेला तो न संपणारा झगडा. पुस्तक सोपे झालेले नाही, वाचकांनी ते वारंवार उघडले एवढेच.

त्याच नेमाड्यांच्या ‘हिंदू’ला (२०१०) अजून असे वाचक पुरेसे मिळालेले नाहीत, याची खंत वाटते. मोहेंजोदडोच्या उत्खननापासून ती सुरू होते, आणि अनेकांची खूण सुरुवातीच्या पानांतच अडकून पडते. ती एका बैठकीत संपवण्याचा हट्ट सोडावा. नायक खंडेरावाचे गाव मोरगाव, तिथले नातलग, शेती, बायकांची दुःखे हे जिथे भिडेल तेवढे भाग खुशाल दोनदा वाचावेत. सुरुवातीचे उत्खनन त्यानंतर वाचले तरी चालेल. गावातले थर पाहून झाल्यावर जमिनीखालच्या थरांशी त्यांचे काय नाते आहे ते अधिक लवकर उमगते.